चौथा बरबन

दुभाष्याला मेजवानीत जेवायला मिळत नाही, ही गोष्ट या धंद्यात शिरताना मला कुणी सांगितली नव्हती. समोर बारा पदार्थ मांडलेले असतात, पण एकाचं बोलणं संपतं तेव्हा तुमचं सुरू होतं आणि तुमचं संपतं तेव्हा दुसऱ्याचं. घास तोंडात घातला की नेमकं कुणीतरी 'आमच्या कंपनीचं तत्त्वज्ञान' सांगायला घेतं. म्हणून ओसाकातल्या माझ्या सगळ्या वर्षांत पर्समध्ये कोंबिनीतून घेतलेला भाताचा एक गोळा कायम असायचा. कोंबिनी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दिवसरात्र उघडं दुकान. मोठमोठे करार झाले की साहेब लोक हस्तांदोलन करत, आणि मी बायकांच्या स्वच्छतागृहात उभ्याउभ्या भात खात असे.

मी पुण्यात जपानी शिकले, जपानी माणसाशी लग्न केलं आणि नव्वदच्या दशकात ओसाकात दुभाषी म्हणून काम करू लागले. जपानी आणि इंग्रजी अशी जोडी करणारे पुष्कळ होते. जपानी आणि मराठी करणारी, माझ्या माहितीत, मी एकटीच. त्यामुळे आपल्याकडच्या साखर कारखान्यांची मंडळी यंत्रं बघायला आली की फोन मला यायचा. ही मंडळी इंग्रजीत आखडत, मराठीत मोकळी होत. जरा जास्तच मोकळी होत.

कामाचे नियम सोपे आहेत. घालायचं काही नाही, गाळायचं काही नाही, आणि समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. सकाळी अकरा वाजता मी सत्तर वर्षांचा कारखानदार असे आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी तालुक्याचा पुढारी. पहिली चार वर्षं मी नियम अगदी सोवळ्यात पाळले. मग हुशारी आली. कुणाचं बोलणं जरा खरबरीत असलं तर थोडं घासून द्यायचं, तीनदा सांगितलेलं एकदा सांगायचं. बैठका गोडीत संपत. कंपन्या खूष असत. मला वाटायचं, आपण दोन देशांमध्ये पूल बांधतोय.

तर आप्पासाहेब.

आप्पासाहेब एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. साठीचे, अंगाने भरलेले, आवाज असा की ओसाकाच्या भुयारी रेल्वेत ते बोलले की डब्यातले झोपलेले जपानी जागे होत. गावातलं दारूचं दुकान बायकांना उभं करून त्यांनी बंद पाडलं होतं. तालुक्यात दारूबंदीवाले आप्पा म्हणून नाव होतं. आणि आले होते मळीपासून मद्यार्क काढायची मोठी डिस्टिलरी विकत घ्यायला. यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "ताई, गावात प्यायची नाही, एवढंच आपलं म्हणणं," त्यांनी मला विमानतळावरच सांगून टाकलं.

बरोबर तीन संचालक होते. त्यातले बापूराव तेवढे लक्षात ठेवा. कमी बोलायचे, सगळं बघायचे आणि आप्पांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. इतकी मान डोलवणारा माणूस आपल्या बाजूचा नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे मालक ओनिशी-सान; कंपनीच्या प्रमुखाला जपानीत शाचो म्हणतात, तसंच त्यांना सगळे म्हणत. त्यांचे तांत्रिक सल्लागार डॉसन, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातले इंजिनियर. वीस वर्षं ओसाकात राहून ते ओसाकाच्या खास बाजारी वळणाची जपानी बोलत. फार चिडले तरच इंग्रजीत येत.

डिस्टिलरीतून मद्यार्काच्या कितीतरी पट काळपट तांबडं पाणी बाहेर पडतं. ते तसंच सोडलं तर ओढा, नदी, विहिरी सगळं जातं. डॉसनचं म्हणणं होतं की नव्या डिस्टिलरीबरोबर ते पाणी शुद्ध करणारी टाकीही घ्या, तिच्यातून गॅसही मिळेल. आप्पांचं म्हणणं होतं, "आमची नदी मोठी आहे."

पहिल्यांदा डॉसन म्हणाले, "याच देशात कारखान्यांच्या पाण्यानं माणसं आयुष्यभरासाठी आजारी पडलीत. ती चूक पुन्हा करू नका." मी मराठीत सांगितलं, "पाण्याच्या शुद्धीकरणाचीही सोय त्यांच्याकडे आहे." दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तुमच्या शेतकऱ्यांच्या विहिरी तुम्ही स्वतः नासवणार आहात." मी सांगितलं, "ते पुन्हा एकदा त्या टाकीचा विचार करा म्हणतात." तिसऱ्यांदा मी काहीच सांगितलं नाही. नुसतं हसले.

आप्पा म्हणाले, "बघू." मी जपानीत म्हटलं, "केंतो शिमासु." म्हणजे विचार करतो. दोन्ही देशांत नकार देण्याची ही सभ्य पद्धत आहे, त्यामुळे निदान एवढं भाषांतर अचूक झालं.

डॉसननी पेन टेबलावर टाकलं आणि इंग्रजीत पुटपुटले, "द मॅन इज अ बर्बन. अ प्युअर बर्बन."

आप्पांचं इंग्रजी बेताचं, पण कान तिखट. ते माझ्याकडे वळले. "ताई, मला बरबन म्हणाला का तो? बरबन म्हणजे ते चॉकलेटचं बिस्किट ना? बिस्किट म्हणाला मला?"

आता डॉसनना काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच आपल्या आजोबांच्या काळातलं राजकारण मला सांगितलं होतं. बर्बन हे फ्रान्सचं राजघराणं. क्रांतीनं त्यांना हाकललं, पुढे ते परत गादीवर आले आणि मधे काही घडलंच नाही अशा थाटात राज्य करू लागले. त्यावरून डॉसनच्या गावाकडे जुनाट, हेकट, काळ बदलला तरी न बदलणाऱ्या पुढाऱ्याला बर्बन म्हणायचे. थोडक्यात, शिवी.

पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही हो आप्पा, बिस्किट नाही. बर्बन हे फ्रान्सचं मोठं राजघराणं होतं."

"अस्सं!" आप्पा खुर्चीत जरा रुंद झाले. "म्हणजे राजा म्हणाला."

मी मान हलवली. खोटं बोलले नव्हते. पण या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान अर्ध्या खऱ्यानंच होतं, हे मला दुसऱ्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहाला मेजवानी. आप्पा भाषणाला उभे राहिले. "सकाळी या डॉसनसाहेबांनी मला बरबन म्हटलं. आमच्या घरात चार पिढ्यांची पाटीलकी. हे यांना सातासमुद्रापलीकडे नुसत्या चेहऱ्यावरून कळलं, याचा मला अभिमान वाटतो."

मी काय करणार? जपानीत मांडायला लागले. इथे एक गंमत आहे. जपानीत या राजघराण्याला म्हणतात बुरुबोन आणि बर्बन नावाच्या अमेरिकन व्हिस्कीला म्हणतात बाबोन. इंग्रजीत शब्द एक, जपानीत दोन. मी सावधपणे बुरुबोन घराणं वगैरे सुरू केलं. डॉसनना जपानी येत होती. त्यांनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि ताटात तोंड खुपसलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण आप्पांना स्फूर्ती आली. छातीवर हात ठेवून ते थेट इंग्रजीत गरजले, "आय अॅम बर्बन! आय लाइक!"

शाचोंना ऐकू आलं बाबोन. त्यांचा चेहरा उजळला. या माणसाचं दिवसभर यंत्रांवर एकमत होत नव्हतं, आणि आता कळतंय की आवड एकच! त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्या स्वतःच्या साठ्यातली एक जुनी, सोनेरी लेबलाची बाटली रेशमी कापडातून आली. शाचो उठून आप्पांसमोर आले आणि त्यांनी कमरेत वाकून ती पुढे केली.

जपानात भेट दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान झुकवायची, हे त्याच सकाळी मी आप्पांना शिकवलं होतं. आप्पांनी अगदी तसंच केलं. डोळेही मिटले. कंपनीच्या फोटोग्राफरनं फोटो काढला. दारूबंदीवाले आप्पा व्हिस्कीची बाटली प्रसादासारखी घेताना.

बसल्यावर आप्पांनी हळूच विचारलं, "ताई, काय आहे हे?"

"बरबन."

"राजघराण्यातली?"

"नाही. हा वेगळा बरबन. दारू आहे."

आप्पांनी बाटली फिरवून लेबल पाहिलं. मग त्यांनी ती डॉसनच्या पुढ्यात सरकवली आणि भात मागितला. मी त्या दिवशीही काही जेवले नाही, पण त्याला कारण निराळं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सही होती. मी आठलाच हॉटेलवर गेले, तर आप्पा खाली चहा घेऊन एकटेच बसलेले.

"बसा ताई. एक बरबन बिस्किट. एक राजा. एक दारू. चौथा कुठला आहे का?"

मी खुर्ची ओढून बसले.

"माझं इंग्रजी नाही. पण तीस वर्षं मी सभा ऐकतोय. माणूस कौतुक करतोय की शिव्या घालतोय, एवढं मला कळतं. तो गोरा काल पेन आपटून बोलला. पेन आपटून कुणी राजा म्हणत नाही."

मग मी सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ, आणि त्याआधी डॉसन तीनदा काय म्हणाले आणि मी त्याचं काय केलं, तेही. आता हा माणूस भर हॉटेलात आवाज चढवणार आणि माझं नाव ओसाकात संपणार, असं मी धरूनच चालले होते.

आप्पांनी आवाज चढवला नाही. "विहिरी म्हणाला तो?"

"हो."

"तुमच्या शेतकऱ्यांच्या विहिरी, असं?"

"असंच."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमची जुनी डिस्टिलरी आहे एक, बारकी. तिचं पाणी ज्या ओढ्याला जातं त्याच्या काठाला माझ्या थोरल्या भावाची विहीर आहे. लाल झालीय. दोन वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला मी गेलो तर मागच्या दारानं निघून गेला. त्यालाही मी हेच सांगितलं होतं, आपली नदी मोठी आहे." मग ते म्हणाले, "तुम्ही हे मला काल सकाळीच सांगायला पाहिजे होतं, ताई. मी चिडलो असतो. चिडलो असतो तर ऐकलं असतं."

इतक्या वर्षांत माझ्या कामावर अनेकांनी शेरे मारलेत. इतका खरा एकानंही मारला नाही.

सही दुपारवर गेली. डॉसननी गाडी काढली आणि आम्हाला शहराबाहेरच्या एका दारूच्या कारखान्यामागे नेलं. तिथे तशी टाकी चालू होती. डॉसननी आत जाणारं पाणी एका बरणीत भरलं, बाहेर पडणारं दुसऱ्या. आप्पांनी पहिली बरणी नाकाशी नेली आणि म्हणाले, "हाच वास." दुसरी बरणी उजेडासमोर धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांनी प्रश्न विचारले, डॉसननी उत्तरं दिली, आणि मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. एकदा डॉसन म्हणाले, "हा प्रश्न मूर्खपणाचा आहे." तेही सांगितलं. आप्पा म्हणाले, "असेल. उत्तर द्या म्हणावं."

चारला सही झाली, डिस्टिलरी आणि टाकी दोन्हींवर. टाकीला कारखान्याच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी लागणार, एवढी अट होती.

निघताना कंपनीनं प्रत्येक पाहुण्याला फोटोंचा एकेक आल्बम दिला. चारही आल्बम सारखेच. माझ्याच हातानं वाटले. वाटताना चाळलेही. तो फोटो बघितला आणि मनात म्हटलं, किती छान आलाय. बापूरावांनी आपला आल्बम रुमालात गुंडाळून बॅगेत अगदी तळाशी ठेवला.

पाच-सहा महिन्यांनी कंपनीकडून एक फॅक्स भाषांतराला आला. इंग्रजी पत्र, कारखान्याच्या नव्या चेअरमनचं. टाकीचा सध्या विचार नाही, फक्त डिस्टिलरी पाठवावी. खाली बापूरावांची सही.

मागोमाग आप्पांचं पत्र आलं. पाकिटात निवडणुकीचं एक हँडबिल होतं, त्यावर तो फोटो. वर मथळा होता, 'दारूबंदीवाल्यांची जपानी पूजा'. आप्पांनी लिहिलं होतं, "ताई, फोटो छान आला आहे. मी पडलो. बायकांनी दुकान बंद करायला साथ दिली होती, त्याच बायकांनी पाडलं. त्यांची चूक नाही, फोटोत मी भक्तिभावानं उभा आहे."

तीन-चार दिवस मला काम सुधरेना. मी एक वाक्य घासून दिलं, त्यातून भाषण झालं, भाषणातून बाटली, बाटलीतून फोटो. आणि माणूस पडला तोही नेमका शहाणा झाल्यावर. नवऱ्यानं माझी समजूत काढायला म्हटलं, "तुझा हेतू चांगला होता." जपानीत हे वाक्य फार गोड लागतं. मराठीत करून पाहिलं तर नुसती पळवाट निघाली.

पत्राच्या शेवटी आप्पांनी एक मागणी केली होती. "सभासद म्हणून मला सर्वसाधारण सभेत बोलता येतं. त्या गोऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं पाठवा. काही गाळू नका."

मी डॉसनकडे गेले आणि आधी माझी करणी कबूल केली. त्यांना तीन वाक्यं गाळल्याचा राग आला नाही. शिवीचा राजा केला, याचा मात्र फार आला. "वीस वर्षांत मी एवढी अचूक शिवी दुसरी दिली नव्हती," ते म्हणाले. मग आमच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही कॅसेट भरली. एक वाक्य त्यांचं इंग्रजीत, एक माझं मराठीत. टाकी काय करते, पाणी काय करतं, इथे काय झालं, विहिरींचं काय होणार. आप्पासाहेबांना मी बर्बन का म्हणालो, हेही त्यांनी सांगितलं आणि मी मराठीत आणलं. मधेच खालून भाजलेल्या रताळ्यांची गाडी गेली, तिचं लाउडस्पीकरवरचं रडवं गाणं चालू होतं. पुसून पुन्हा भरायचं म्हटलं तर डॉसन म्हणाले, "नको. काही गाळायचं नाही ना?"

सभेत काय झालं ते आप्पांनी दहा पानी पत्रात कळवलं. कॅसेट लावायला बापूरावांनी हरकत घेतली. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "लावा की. काय म्हणतंय ते कळू द्या." कॅसेट पूर्ण वाजली. आप्पांना भर सभेत बरबन म्हटल्यावर लोक पोट धरून हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं आप्पा हसले, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, तेवढं मी थोडं कमी करून वाचलं. रताळ्याचं गाणं हे जपान्यांचं भजन असावं असा लोकांचा समज झाला आणि काहींनी हात जोडले. मग आप्पांनी टाकीचा ठराव मांडला. अनुमोदन कोण देणार, असं बापूरावांनी दोनदा विचारलं. शेवटच्या रांगेतून एक म्हातारा उठला. आप्पांचे थोरले भाऊ. "माझं अनुमोदन," एवढंच बोलून खाली बसले. आप्पांनी लिहिलं होतं, "अडीच-तीन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. पुढे मला नीट बोलता आलं नाही. हात वर झालेले दिसले, मोजले दुसऱ्यांनी."

ठराव झाला तशी बापूरावांना टाकी घ्यावी लागली. पुढच्या वर्षी ते यंत्रांची पाहणी करायला ओसाकाला आले, आणि सभासदांचा आग्रह म्हणून त्यांना आप्पांनाही बरोबर आणावं लागलं. तेच टेबल, तेच लोक. फक्त चेअरमनच्या खुर्चीत बापूराव आणि टोकाला आप्पा.

चहा झाल्यावर आप्पा डॉसनकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, याला सांगा. तू दिलेली शिवी बरोबर होती. पण ज्याला द्यायची त्याला कळेल अशा भाषेत द्यावी. तोंडातल्या तोंडात पुटपुटतो तो भित्रा. तू भित्रा आहेस."

शाचो, त्यांचे दोन अधिकारी, सगळे मान पुढे करून थांबले होते. मी जपानीत सांगितलं. भित्र्यासकट.

डॉसन लालबुंद झाले. मग त्यांनी ओसाकाच्या ठसक्यात विचारलं, "यांच्या भाषेत बर्बनला काय म्हणतात? पुढच्या वेळी नीट देईन."

मी आप्पांना विचारलं. आप्पांनी दाढी खाजवली. "आडमुठा," ते म्हणाले. डॉसनना ते जमेना. आप्पांनी अक्षर अक्षर करून तीनदा घोटून घेतलं.

दुपारी टाकीचे आकडे आले. बापूराव म्हणाले, टाकी निम्म्या मापाची करा. डॉसननी समजावलं की निम्म्या टाकीत निम्मं पाणी शुद्ध होत नाही, काहीच शुद्ध होत नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. बापूराव म्हणाले, "आमची नदी मोठी आहे."

डॉसननी पेन शांतपणे खाली ठेवलं, बापूरावांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "आडमुठा."

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. बापूराव माझ्याकडे वळले. "ताई, काय म्हणाला तो?"

"बापूराव," मी म्हणाले, "हे मराठीच होतं."